हरवलेला उपग्रह आणि जपलेली नोंद

ता. 4 ऑक्टोबर 1957 रोजीं सोव्हिएट संघानें स्पुट्निक हा पहिला मानवनिर्मित उपग्रह अंतराळांत सोडला. त्याचें वजन 83.6 किलोग्रॅम व व्यास 58 सेंटिमीटर. एवढासा तो गोळा सुमारें 96 मिनिटांत एक पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करी आणि जातां जातां आपला ‘बीप बीप’ असा संकेत सर्व जगाला ऐकवी. तो कौतुकानें ऐकणारे पुष्कळ होते; वेळ लावून टिपून ठेवणारे मात्र थोडे. उपग्रहांच्या निरीक्षणाचा इतिहास या थोड्यांपासून सुरू होतो.

अमेरिकेंत स्मिथसोनियन वेधशाळेचे संचालक फ्रेड व्हिपल यांनीं 1956 सालींच ‘मूनवॉच’ नांवाची योजना आंखली होती. शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी असे हौशी लोक लहान दुर्बिणी घेऊन रांगेनें बसत. उपग्रह दृष्टिक्षेत्रांतून सरकला कीं त्याचें स्थान व नेमकी वेळ टिपून ते केंब्रिज येथील मुख्य कचेरीस कळवीत, आणि तेथें कक्षेचें गणित होई. उपग्रह एका सेकंदांत जवळजवळ आठ किलोमीटर जातो; तेव्हां घड्याळांत एका सेकंदाची चूक म्हणजे आकाशांत आठ किलोमीटरांची चूक. म्हणून दुर्बिणीइतकेंच महत्त्व घड्याळाला होतें.

जें काम डोळ्यांनीं होतें तें कानांनींही साधतें, हें त्याच महिन्यांत मेरिलंड राज्यांतील एका प्रयोगशाळेंत दिसून आलें. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित पदार्थविज्ञान प्रयोगशाळेंत विल्यम गायर व जॉर्ज वायफनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ होते. त्यांनीं स्पुट्निकचा आवाज ध्वनिफितीवर उतरविला, आणि त्याच फितीवर प्रमाणवेळेचे संकेतही उमटवून घेतले. फलाटावरून भरधाव जाणाऱ्या आगगाडीची शिटी जवळ येतांना उंच स्वरांत व दूर जातांना खालच्या स्वरांत ऐकूं येते. स्पुट्निकच्या रेडिओलहरींचेंही तसेंच होई. दर सेकंदास सुमारें दोन कोटि कंपनें असलेल्या त्या लहरींत उपग्रह येतांना पांचशेंच्या आसपास वाढ होई, आणि जातांना तितकीच घट. हा फरक कागदावर मांडला कीं एक वक्ररेषा मिळते. त्या रेषेवरून, संगणकाच्या साह्यानें, उपग्रहाची कक्षा ठरवितां येते हें त्या दोघांनीं दाखविलें. पुढें 1958 सालीं त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्क्लूर यांनीं हाच हिशेब उलटा केला: कक्षा ठाऊक असेल, तर ऐकणाराचें स्थान काढतां येईल. त्यांतून जहाजांना आपलें स्थान सांगणारी ‘ट्रान्झिट’ ही उपग्रहयोजना निघाली.

साठ वर्षांत साधनें पालटलीं. फितीच्या जागीं सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाला दिलेली आज्ञावली, आलें. अँटेना आकाशाकडे लावून ठेवावी. आलेल्या संकेताची कंपनसंख्या आज्ञावली क्षणोक्षणीं वेळेसह नोंदते, तिची वक्ररेषा पडद्यावर काढते, आणि ती ज्ञात उपग्रहांच्या कक्षांशीं ताडून कोणाशीं जुळते तें दाखविते. परंतु अनपेक्षित कांहीं आढळलें तर त्याचें काय करावें, हें ठरविणें माणसाकडेच राहतें.

कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतले स्कॉट टिली हे असेच एक हौशी निरीक्षक. जानेवारी 2018 मध्यें अमेरिकेनें सोडलेल्या ‘झूमा’ नामक गुप्त उपग्रहाचा माग ते काढीत होते. ता. 20 रोजीं त्यांना झूमा सांपडला नाहीं; निराळाच एक संकेत मिळाला. त्याची वक्ररेषा यादींतील 26113 क्रमांकाच्या उपग्रहाशीं जुळली. तो होता नासा संस्थेचा ‘इमेज’. पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाचीं चित्रें घेण्यासाठीं तो 25 मार्च 2000 रोजीं गेला होता. दोन वर्षांसाठीं योजलेल्या त्या उपग्रहानें पांच वर्षांहून अधिक काम केलें, आणि डिसेंबर 2005 मध्यें तो एकाएकीं मुका झाला. पुढें सर्वांनीं त्याची आशा सोडली होती.

टिली यांनीं आपलें निरीक्षण उघडपणें प्रसिद्ध केलें, व तें मोहिमेच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोंचलें. नासानें पांच निरनिराळ्या अँटेनांनीं संकेत तपासला. ता. 30 जानेवारीस उपग्रहाकडून आलेल्या माहितींत 166 हा इमेजचा ओळखक्रमांक मिळाला, आणि शंका फिटली. ही माहिती ज्या प्रयोगशाळेनें मिळविली ती गायर व वायफनबाख यांचीच!

यानंतर जुन्या नोंदींचा शोध झाला. टिली व ती आज्ञावली रचणारे डच ज्योतिर्विद सीस बासा यांच्या संग्रहांत इमेजचा आवाज 2016 व 2017 सालींही उमटलेला आढळला. तो यंत्रानें इमानानें टिपला होता. त्याकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें इतकेंच. शोध उशिरां लागला, पण नोंद जपलेली असल्यामुळें उपग्रह केव्हांपासून बोलत होता हें मागाहून कळूं शकलें.

इमेज पुन्हा कामास लागला नाहीं. त्याचा संकेत अनियमित होऊन अखेर थांबला, आणि त्याला आज्ञा देण्याचे प्रयत्न सफल झाले नाहींत. तरी ज्याचें नांव मृतांत लिहिलें होतें तो जिवंत आहे हें एका हौशी माणसानें घरच्या अँटेनेवर ओळखलें, ही गोष्ट राहतेच. मूनवॉचच्या गृहिणी व विद्यार्थी घड्याळाकडे नजर ठेवून जें करीत होते तेंच त्यानें केलें: दिसलें तें वेळेसह लिहिलें, ताडून पाहिलें, आणि ज्यांना तें कळावयास हवें त्यांना कळविलें.