आळ आणि दप्तर
1692 मध्ये सेलमच्या प्युरिटन वसाहतीत 19 जणांना फाशी झाली. कबुली देणारे वाचले, नाकारणारे गेले. बॉयर व निसेनबॉम यांनी 1974 मध्ये त्यामागील गटबाजी उलगडली. पीडितांना दिसलेल्या छायारूपांनाच न्यायालयाने पुरावा मानल्यामुळे उन्मादाला तेथे दप्तर लाभले. भंडारा जिल्ह्यातील जादूटोण्याच्या संशयाला ते नाही. 1860 च्या दंडसंहितेत करणी हा गुन्हाच नव्हता. निवाडा मांत्रिकाच्या अंगणात राहिला. तापाला कारण हवे असते, कारणाला चेहरा, आणि तो बहुधा शेजारचा. तळाशी धानाच्या बांधीचा तंटा असेलही. तरी एवढ्याने उलगडा होत नाही, कारण आळ घेणाऱ्याचे भय पुष्कळदा खरे असते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आळ घेणे हाच गुन्हा ठरवला. साक्षीदार मात्र त्याच गावातून यावे लागतात.