पार्सल कुठंय? पैसे न मिळालेल्या विक्रेत्याची ३०० वर्षांची गोष्ट

समजा, तुम्ही इन्स्टाग्रामवर हाताने रंगवलेल्या साड्या विकता. सहा हजारांची ऑर्डर आली, ‘पैसे टाकले’ म्हणून स्क्रीनशॉट आला, तुम्ही पार्सल पाठवलं. खात्यात मात्र काहीच जमा नाही, आणि समोरचा फोन उचलत नाही. आता कायदा काय करू देतो? उत्तर शोधायला जरा मागे जाऊ. थेट १६९० मध्ये, लंडनला.

तिथल्या चॅन्सरी कोर्टात एक भांडण आलं, ‘वाइजमन विरुद्ध वँडेपुट’. इटलीतल्या व्यापाऱ्यांनी लंडनच्या एका पेढीसाठी रेशीम जहाजावर चढवलं होतं. पैसे यायचे होते. जहाज निघण्याआधीच बातमी आली, की पेढीचं दिवाळं निघालंय. त्यांनी लगेच माल दुसऱ्याच्या नावावर फिरवला. पेढीची मालमत्ता ज्यांच्या हाती आली, ते म्हणाले, रेशीम आमचं! कोर्टाने मात्र विक्रेत्याची बाजू घेतली.

विचार साधा होता. पैसे मिळाले नाहीत आणि माल अजून पोचला नाही, तर तो वाटेत अडवता आला पाहिजे. हाच विचार १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आला, आणि तिथून १९३० च्या मालविक्री कायद्यात. तो कायदा आजही लागू आहे. तुमच्या साडीलासुद्धा.

या कायद्याचा पहिला प्रश्न असा, की माल कुठंय?

माल तुमच्याच घरी असेल आणि उधारी ठरलेली नसेल, तर पैसे मिळेपर्यंत तो धरून ठेवा. हा तुमचा हक्क आहे. नोटीस देऊन, वाजवी मुदत संपल्यावर तो दुसऱ्याला विकताही येतो. माल कुरिअरकडे गेला असेल, तर तो अडवण्याचा हक्क खरेदीदार देणी फेडू शकत नसेल तेव्हाच मिळतो. त्या इटालियन व्यापाऱ्यांसारखा. आणि माल खरेदीदाराच्या हातात पडला, की अडवणं संपलं. उरतो तो किमतीसाठी दिवाणी दावा. मुदत साधारणपणे तीन वर्षांची.

बघा, पार्सल पुढे सरकतं तशी तुमची ताकद कमी होत जाते. हे आपल्याकडच्या पोस्टाने फार आधी ओळखलं होतं. १८७७ मध्ये व्ही.पी. सुरू झाली. पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवा, मगच पार्सल घ्या. नाही घेतलं, तर माल परत विक्रेत्याकडे. आजोबांना विचारा, पुस्तकं व्ही.पी.ने कशी मागवायचे! आजची कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे तिचीच नात.

पण आपली साडी तर पोचलीये. मग?

खोटा स्क्रीनशॉट म्हणजे फसवणूक, उधारी नव्हे. सायबर हेल्पलाइनचा नंबर १९३०. योगायोग बघा, कायद्याचं सालही तेच! ग्राहक आयोगात मात्र तुम्हाला खरेदीदाराविरुद्ध जाता येत नाही, कारण तो कायदा ग्राहकासाठी आहे. आधी लेखी नोटीस पाठवा. रक्कम लहान असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. खटला भरण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत नेता येतं, फी लागत नाही. दोघांची तडजोड झाली, तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते. दुसऱ्या बाजूने तडजोडच नाकारली, तर मात्र दिवाणी कोर्ट.

तिथे पुरावा लागतो, आणि इथे गोष्ट येते जालन्यात. तिथल्या विधानसभा निवडणुकीच्या वादात व्हिडिओ पुरावा होता. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच प्रकरणात सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नुसती कॉपी दिली, तर सोबत प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच कोर्टात दाखवलं, तर ते लागत नाही. म्हणजे चॅटचे स्क्रीनशॉट पुरेसे समजू नका. चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तर जुना विकू नका, कुरिअरची पोचपावती जपा.

आणि पुढच्या ऑर्डरला स्क्रीनशॉट नाही, स्वतःचं बँक खातं बघा. माल घरात आहे, तोवर बाजी तुमच्या हातात आहे.

हा भाग एखाद्या विकणाऱ्या मित्राला, मैत्रिणीला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!