लकवा, सकता आणि दहा गुण

'लकवा' हा शब्द आपण सगळेच वापरतो. उर्दू शिकवायला लागलो तेव्हा कळलं, की जुन्या तिब्बी किताबांत लकवा म्हणजे फक्त तोंड वाकडं होणं. अर्धं अंग लुळं पडणं तो फालिज आणि माणूस एकाएकी निपचित पडणं तो सकता. इब्न सीना (मृत्यू 1037) यांच्या 'अल-कानून'मध्ये हे आजार वेगवेगळे मांडले आहेत. सकता म्हणजे मुळात गप्प होणं. त्या गप्प झालेल्या डोक्यात काय चाललंय, हे पुढची शेकडो वर्षं कुणालाच दिसत नव्हतं.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. आत रक्तस्राव आहे की नाही, हे जिवंत माणसात दिसू लागलं. 1995 मध्ये गुठळी विरघळवणारं औषध उपयोगी ठरलं, पण तीन तासांच्या आत. 2008 मध्ये ही मुदत साडेचार तास झाली. म्हणजे निर्णय घड्याळ करत होतं.

आमचे अब्बा फजरला उठले तेव्हा उजवा हात उचलेना. विष्णुपुरीत राहून, मोठं सरकारी रुग्णालय हाकेच्या अंतरावर असून, आम्ही दोन तास तेल चोळत बसलो. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "शेवटचे ठणठणीत कधी होते?" रात्री इशाची नमाज पढून झोपले होते. झटका कधी आला, कोण सांगणार?

अशा रुग्णांसाठी चित्र कामी येतं. रक्त अडल्यावर मेंदूचा एक भाग मरतो, पण भोवतालचा भाग काही काळ उपाशी तग धरून असतो. मेलेला भाग लहान आणि उपाशी भाग मोठा असेल, तर उपचाराचा फायदा होण्याची शक्यता जास्त. 2018 मध्ये छापल्या गेलेल्या दोन चाचण्यांत असे रुग्ण चित्रावरून निवडले. त्यांच्या धमनीतून नळी घालून गुठळी काढली. एका चाचणीत 16, तर दुसरीत 24 तासांपर्यंत फायदा दिसला.

कॅनडाच्या डॉक्टरांनी 2000 मध्ये सीटीवर चक्क दहा गुणांची पद्धत आणली होती. मेंदूचे दहा भाग तपासायचे, बिघडलेल्या प्रत्येक भागाचा एक गुण कापायचा. सहापेक्षा कमी गुण असतील, तर गुठळी काढून लाभ होणार नाही, उलट रक्तस्राव होईल, असं धरलं जाई. 2022 मध्ये जपानी डॉक्टरांनी तीन ते पाच गुणवाल्यांचीही गुठळी काढून पाहिली. तीन महिन्यांनी त्यांतले शेकडा 31 जण आधाराशिवाय चालू शकत होते. फक्त औषधोपचार झालेल्यांत हे प्रमाण शेकडा 13 होतं. रक्तस्राव वाढला, तरी पारडं उपचाराकडे झुकलं.

मी मास्तर आहे. कमी गुणांवरून पोराला निकालात काढू नये, हे वर्गात शिकलो होतो. मेंदूच्या बाबतीतही ते खरं निघालं.

पण पेपर तपासायला आधी परीक्षेच्या हॉलपर्यंत पोचावं लागतं. अब्बांचा हात पूर्ण परतला नाही. तुमच्या घरी तोंड वाकडं झालं, हात गळला, जीभ अडखळली, तर तेलाची बाटली शोधू नका. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा आणि निघा.