साप आहेत, तरीही या!

ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक मराठी घरांनी हा प्रश्न फोनवर कधी ना कधी ऐकलेला असतो. आईबाबांचा व्हिसा होतो, तिकिटांचे भाव बघून होतात, आणि तेवढ्यात सोसायटीतलं कुणीतरी त्यांना व्हिडिओ दाखवतं. कमोडमध्ये साप, बुटात कोळी, नदीकाठी मगर. मग विचारणा होते, "तिकडे फार विषारी जनावरं असतात म्हणे. तुम्ही पोरांना अंगणात सोडता तरी कसं?" काही ज्येष्ठ मंडळी तर येणंच पुढच्या वर्षावर ढकलतात, आणि आजी-आजोबांचं तेवढं एक वर्ष नातवंडांच्या हातून जातं.

माझ्या आयटीच्या कामात आम्ही प्रकल्पातल्या धोक्यांचा तक्ता करतो. प्रत्येक धोक्यापुढे तीन रकाने असतात. घडण्याची शक्यता किती, घडलं तर नुकसान किती, आणि त्यावर तजवीज काय केली आहे. व्हॉट्सॲपवरची भीती फक्त मधला रकाना वाचून दाखवते. आज आपण तिसरा रकाना उघडू, कारण या देशाच्या इतिहासातली काही फार मोठी माणसं त्यात आहेत.

सुरुवात तायपानपासून करू. उत्तर क्वीन्सलँडच्या उसाच्या पट्ट्यातला हा साप. पूर्वी तो चावला की माणूस गेलाच, असं धरून चालत. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजनी १९३० मध्ये टायगर स्नेकवर प्रतिविष, म्हणजे आपण ज्याला सापाची लस म्हणतो ते, तयार केलं होतं. घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे डोस द्यायचे आणि त्याच्या रक्तात तयार झालेला उतारा वेगळा काढायचा. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेतही प्रतिविष याच पद्धतीने बनत आलं. पण तायपानचा उतारा करायला तायपानचं विष हवं, आणि त्यासाठी जिवंत तायपान हवा. तो आणणार कोण?

केव्हिन बडन नावाचा वीस वर्षांचा सिडनीचा मुलगा त्यासाठी केर्न्सला गेला. जुलै १९५० मध्ये त्याने तायपान हातांनी पकडला. साप हाताला विळखा घालून बसलेला, आणि तशाच अवस्थेत एका ट्रकवाल्याने त्याला गावातल्या सापांच्या जाणकाराकडे पोचवलं. तिथे साप पिशवीत सोडताना तो बडनच्या हाताला चावला. आपल्याला काय झालं आहे हे त्याला पुरतं कळत होतं. तरी त्याने एकच आग्रह धरला. सापाला मारू नका, संशोधनासाठी पाठवा. दुसऱ्या दिवशी बडन गेला. साप मेलबर्नला पोचला, डेव्हिड फ्ले यांनी त्याचं विष काढलं, आणि १९५५ मध्ये तायपानचं प्रतिविष तयार झालं. त्याच वर्षी केर्न्समधल्या एका शाळकरी मुलाला तायपान चावला आणि त्या प्रतिविषाने तो वाचला.

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, पाठीवर लाल पट्टा असलेल्या रेडबॅक कोळ्यावर उतारा निघाला. सिडनीचा फनेल-वेब कोळी मात्र दाद देत नव्हता. १९२७ पासून १९८० पर्यंत त्याने तेरा बळी घेतल्याची नोंद आहे. डॉ. स्ट्रुअन सदरलँड यांनी अनेक वर्षं खटपट करून, घोड्यांऐवजी सशांच्या मदतीने, १९८० च्या अखेरीस प्रतिविष तयार केलं. तेव्हापासून आजपर्यंत फनेल-वेबच्या चाव्याने कुणी दगावल्याची नोंद नाही. या औषधासाठी लागणारे कोळी आजही सामान्य लोक जपून बरणीत पकडून आणून देतात. सिडनीच्या उत्तरेला असलेल्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये त्यांचं विष काढलं जातं. आपल्या घरी सापडलेल्या कोळ्यामुळे एखाद्या अनोळखी पोराचा जीव वाचावा, ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

समुद्रातली गोष्टही अशीच. केर्न्सच्या किनाऱ्यावर पोहणारे लोक अचानक असह्य वेदनांनी तळमळत, आणि अंगावर खूण मात्र जवळजवळ नसे. डॉ. ह्यूगो फ्लेकर यांनी १९५२ मध्ये या आजाराला तिथल्या मूळ रहिवाशांच्या नावावरून इरुकांजी हे नाव दिलं. कारण सापडलं १९६१ मध्ये. डॉ. जॅक बार्न्स यांना नखाएवढी एक जेलीफिश मिळाली. खात्री करायला त्यांनी ती स्वतःला, एका जीवरक्षकाला आणि स्वतःच्या नऊ वर्षांच्या मुलाला डसवून घेतली. तिघांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. आज कुठलाही बाप असं करणार नाही, करूही नये. पण आज उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर हंगामात जाळी लावलेली, धोक्याच्या पाट्या आणि व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतात, त्यामागे अशी माणसं आहेत.

आता पहिला रकाना. २००० ते २०१३ या काळात ऑस्ट्रेलियात विषारी दंशांनी एकूण ६४ माणसं गेली. त्यांतली २७ सापांमुळे आणि तितकीच मधमाशी-गांधीलमाशीच्या डंखामुळे. कोळ्यामुळे एकही नाही. म्हणजे सापांचे बळी वर्षाला साधारण दोन.

आणि ज्या देशातून आईबाबा काळजी करतात, तिथे? २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. भारताची लोकसंख्या कितीतरी पट मोठी आहे हे खरं, पण तेवढ्याने हा फरक भरून निघत नाही. तिथे जाणारे बहुतेक जण शेतात अनवाणी राबणारे, जमिनीवर झोपणारे, दवाखान्यापासून लांब राहणारे लोक. पर्यटक त्यांत क्वचितच. विषापेक्षा दवाखान्याचं अंतर जास्त जीव घेतं, असा याचा अर्थ मी लावतो.

हे अंतर आपल्याकडेही एका माणसाने कमी करून दाखवलं आहे. कोकणात लाल विंचू चावला की धडधाकट मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणं नोंदवली, रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध वापरलं, आणि मृत्यूंचं प्रमाण कित्येक पटींनी खाली आणलं. त्यांचं काम लॅन्सेटमध्ये छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्रीही मिळाली. केर्न्स काय, महाड काय, विंचू-साप आजही तेच आहेत. बदल माणसांनी घडवला.

म्हणून आईबाबांना सांगा, जरूर या. फक्त इथले नियम पाळा. बागेत राहिलेले बूट झटकून घाला. साप दिसला तर लांब उभे राहा. मारायला जाऊ नका. चावलाच तर हालचाल थांबवा, जखम धुऊ नका, अख्ख्या हाताला किंवा पायाला रुंद बँडेज गुंडाळा आणि ००० ला फोन करा. ही बँडेजची पद्धतही सदरलँड यांचीच देणगी. उत्तरेला गेलात तर मगरीची पाटी म्हणजे शोभेची वस्तू समजू नका. १९७१ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत शिकार बंद झाल्यापासून त्या मगरी भरपूर वाढल्या आहेत.

आणि एक गोष्ट, जी त्या व्हिडिओंत नसते. किनाऱ्यावर शार्कपेक्षा पाण्याची ओढ घातक. ६ फेब्रुवारी १९३८ ला सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर लाटांनी शेकडो माणसं आत खेचली. जीवरक्षकांनी सुमारे २५० जणांना बाहेर काढलं, तरी पाच जण गेले. आपल्यातल्या पुष्कळांना पोहता येत नाही, आणि साडी वर खोचून गुडघाभर पाण्यात उभं राहणं सुरक्षित वाटतं. तेव्हा पाण्यात जायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. आईबाबा विमानतळावरून घरी आले की सापाआधी त्यांना हे झेंडे समजावून सांगा.