पिशवी काढायची की वर बांधायची?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात माझी खाला २२ वर्षं कामाला आहे. काम कडा शिवण्याचं, पण गठ्ठे उचलणं त्यात आलंच. गेल्या ईदनंतर ती घरी आली, चहा घेतला, पोरांना बाहेर पिटाळलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बेटी, डाक्टर पिशवी निकालनेकू बोल्या. निकालूं क्या?"

चार बाळंतपणं, त्यातली पहिली दोन घरीच. अंग बाहेर येतंय हे तिला सहा वर्षांपासून ठाऊक होतं. खोकला आला की थेंब जातात, वजू टिकत नाही, म्हणून तिनं बायकांच्या इज्तिमाला जाणंही सोडलं होतं. आम्हाला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

मी उर्दू-मराठी शिकवणारी बाई, बी.एड. झालेली. डॉक्टर नव्हे. पण विचारलंय तर वाचायला हवं, म्हणून बसले वाचत.

हे दुखणं बाईच्या जातीइतकंच जुनं. ग्रीक वैद्य बाईला शिडीला उलटं बांधून हलवायचे, म्हणजे गर्भाशय आपोआप आत जाईल. अर्धं डाळिंब आत बसवायचीही रीत होती. हसू नका, आजच्या रिंगचं ते मूळ आहे. इब्न सीनानं ‘अल-कानून’च्या तिसऱ्या भागात एकेका अवयवाचे आजार लिहिले, त्यात गर्भाशयही आहे. अंदलुसच्या अल-झहरावीनं तर शस्त्रक्रियेच्या ग्रंथात सुइणींना काय शिकवावं यावर लिहिलं आणि हत्यारांची चित्रंही दिली. शरम आडवी न येऊ देता लिहिणारी माणसं आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी होती, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. अरबीत गर्भाशयाचा शब्द आणि ‘रहीम’ एकाच धातूतून येतात. वर्गात हे शिकवताना मी दरवेळी घाईघाईनं पुढे जाते, तो भाग वेगळा.

इंग्लंडात १८८८ साली मँचेस्टरच्या आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी सुरू केलेली शस्त्रक्रिया पुढे फोदरगिल यांच्या नावानंही चालली. तीत गर्भाशय ठेवायचे, पण त्याचं तोंड कापायचे. पुढे मूल हवं असलेल्या बाईला ते महागात पडे, कारण गर्भ राहणं किंवा टिकणं कठीण होई. आपल्याकडे तर पंचविशीतल्या मुलींचंही अंग बाहेर यायचं. त्यांचं काय करायचं?

या प्रश्नावर मुंबईत काम झालं. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, जन्म १८९९. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, तिथंच प्राध्यापक झाले. जगाला ते माहीत आहेत ‘शिरोडकर टाक्या’मुळे. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाला घालायचा तो टाका, १९५५ सालचा. पण खाली उतरलेलं गर्भाशय न काढता वर बांधायची त्यांची शस्त्रक्रियाही तितकीच मोलाची. गर्भाशयाच्या तोंडाला मागून फीत बांधायची आणि ती कण्याच्या तळाशी असलेल्या माकडहाडाच्या वरच्या मोठ्या हाडावर पक्की करायची. ही फीत पुष्कळदा पॉलिएस्टरची विणलेली असते. सोलापूरच्या माणसाला विणलेल्या फितीवर विश्वास ठेवणं जड जाऊ नये! मात्र आजूबाजूला मूत्रनलिका, मोठ्या रक्तवाहिन्या. हात तयार हवा. पुरंदरे यांच्या नावाची पद्धत सोपी, तीत फीत पुढून पोटाच्या आवरणाला बांधतात. शिरोडकरांना १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते गेले.

ज्या राज्यात पिशवी वाचवायची विद्या जन्मली, तिथंच पुढे पिशव्या काढण्याचा बाजार मांडला गेला. बीडचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात तरुण बायका पुष्कळ होत्या. पाळीमुळे खाडा नको, हेही एक कारण होतं.

म्हणजे खालाचा डॉक्टर चूक होता का? नाही. चोपन्न वर्षांच्या बाईची पिशवी खालच्या मार्गानं काढून सैल झालेले स्नायू शिवणं, हा रुळलेला उपचार आहे. पण नुसती पिशवी काढून आधार दुरुस्त होत नाही. वरचा भाग नीट बांधला नाही तर तोही पुढे खाली येतो. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. योनीमार्गातून बसवायच्या प्लॅस्टिकच्या जाळीचंही मी वाचलं. अमेरिकेनं त्रासाच्या तक्रारींनंतर एप्रिल २०१९ मध्ये या आजारासाठी तिची विक्री थांबवली.

एका चिठ्ठीवर मी तिला तीन प्रश्न लिहून दिले: कितव्या पायरीचं आहे, रिंग बसेल का, आणि काढली तर वरचा भाग कशाला बांधणार? दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी तपासून मऊ सिलिकॉनची रिंग बसवली. ती धुवायची कशी, तपासायला कधी यायचं, ते समजावलं. अमेरिकेच्या केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले आकुंचनाचे व्यायामही दिले. पहिली रिंग आठवड्यात निसटली, दुसऱ्या मापाची बसली. नाहीच जमलं तर ऑपरेशन, असं ठरलंय.

खाला पुन्हा कामावर जाते. गठ्ठे आता शेजारच्या मशीनवरची पद्मा उचलते, बदल्यात खाला तिच्या वाट्याच्या थोड्या कडा मारून देते.