बंदुकीच्या फायरिंग पिनला तेल लावायचं का? सुरतच्या दमट हवेत परवानाधारक आणि गनमन यांनी काय पाळावं

सुरत : रिंग रोडवरचं कापड मार्केट, महिधरपुऱ्याचा हिरेबाजार किंवा बँकेची कॅश व्हॅन, कुठेही बघा, बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असलेला गनमन दिसतोच. बंदूक महिनोन्‌महिने चालत नाही, पण साफ मात्र करावीच लागते. पावसाळ्यात तर जास्तच. मग प्रश्न येतो : बाकी सगळ्या लोखंडाला तेल लावतो, तसं फायरिंग पिनलाही लावायचं का?

थोडक्यात उत्तर असं : पिन आणि ती ज्या भोकातून पुढे येते ती वाट, दोन्ही कोरडी ठेवायची. गंजाची भीती असेल तर तेलाचं फडकं नुसतं फिरवून लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. हाताला तेल लागत असेल, तर ते जास्त झालं असं समजावं.

पिनचं काम काय?

चाप ओढला की स्प्रिंगच्या जोराने घोडा किंवा स्ट्रायकर सुटतो. पिन पुढे येऊन काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर आदळते. त्या ठोक्याने प्रायमरमधला मसाला पेटतो आणि मग दारू पेट घेते. पिनचा प्रवास जेमतेम काही मिलिमीटरचा, पण तो पूर्ण वेगाने व्हावा लागतो. बिजागरीसारखी ती सतत घासत नाही, त्यामुळे तिला तेलाची फारशी गरजच नसते.

तेल जास्त झालं तर काय होतं?

पहिलं, पिन मंदावते. अरुंद वाटेत साचलेलं तेल पिनला अडवतं आणि ठोका हलका पडतो. काडतूस उडत नाही आणि प्रायमरवर उथळ खूण दिसते. थंडीत तर तेल आणखी घट्ट होतं. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर पोचलेल्या जर्मन सैन्याची शस्त्रं वंगण गोठल्यामुळे अडकली होती.

दुसरं, कचरा धरतो. सुरतेत हे समजावून सांगायची गरज नाही. हिऱ्याला पैलू पाडताना घंटीवर हिऱ्याची भुकटी तेलात कालवूनच लावतात, कारण तेल भुकटीला धरून ठेवतं आणि ती घासत राहते. पिनच्या वाटेतही धूळ, जळलेल्या दारूची काजळी आणि कापडाचे तंतू तेलात मिसळले, की तसाच लगदा तयार होतो.

तिसरं, काडतूस खराब होतं. वाहतं तेल प्रायमरच्या फटीतून आत झिरपलं, तर मसाला निकामी होऊ शकतो. काडतूस खडकीच्या कारखान्यातलं असो की परदेशी, तेलाचा हात त्याला लागू देऊ नये.

उलटा धोकाही आहे

हलका ठोका पडला तर गोळी सुटत नाही. पण घट्ट झालेल्या वंगणात पिन पुढे आलेल्या अवस्थेतच अडकली, तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. रशियन बनावटीच्या एसकेएस रायफलीत हे घडलेलं आहे. ती साठवणुकीच्या जाड ग्रीसमध्ये ठेवलेली असे. पिनच्या वाटेतलं ग्रीस नीट न काढता वापरली, की बोल्ट बंद होतानाच बार उडायचा. वर्षानुवर्षं पेटीत पडून असलेली बंदूक बाहेर काढताना हे लक्षात ठेवावं.

मग गंजाचं काय?

सुरत समुद्राजवळ आहे. जून ते सप्टेंबर हवा ओलसर असते आणि घामाच्या हाताने रोज हाताळलेलं लोखंड लवकर गंजतं. गंजलेली पिनही अडकतेच. म्हणून तेल अजिबात नको असं नाही, तर पुसून उरतो तेवढा पातळ थर पुरे. खोबरेल किंवा मोहरीचं तेल मात्र कधीच नको. ही तेलं हवेत राहून चिकट होतात आणि वार्निशसारखा थर धरतात. बंदुकीसाठी मिळणारं पातळ तेलच वापरावं.

बंदुकीप्रमाणे फरक

- बारा बोअर दुनाळी : पिन नळीच्या मागच्या पोलादी भिंतीत बसवलेल्या असतात. त्या घरी काढू नयेत. बंदूक मोडून म्हणजे उघडून, पिनच्या भोकांभोवतीची काजळी कोरड्या ब्रशने काढावी.
- .३१५ सारखी बोल्ट रायफल : पिन आणि स्प्रिंग बोल्टच्या आत असते. बोल्ट खोलायचा असेल तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच, नाहीतर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे.
- पिस्तूल : स्ट्रायकरच्या पिस्तुलात वाट कोरडीच हवी. ग्लॉकसारखे उत्पादक तसं स्पष्ट सांगतात.
- ठासणीची बंदूक : इथे फायरिंग पिनच नसते. घोडा थेट टोपीवर पडतो. टोपी बसते त्या निपलच्या भोकात तेल राहिलं, तर ठिणगी दारूपर्यंत पोचत नाही.

साफ करताना

१. बंदूक रिकामी करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळीत डोळ्याने आणि बोटाने दोनदा तपासा.

२. नळी सुरक्षित दिशेला ठेवून मागच्या बाजूकडून साफ करा.

३. तेल फडक्यावर घ्या, थेट पिनच्या भोकात थेंब टाकू नका.

४. शेवटी सगळं कोरड्या फडक्याने पुसा.

५. तेल दिलेली बंदूक दस्ता खाली करून कोपऱ्यात उभी करू नका. नळीतलं तेल ओघळून पिनच्या भोकांत आणि लाकडात उतरतं. बहुतेक वेळा पिनमध्ये तेल असंच शिरतं. काही तास नळी खाली करून किंवा आडवी ठेवा.

६. पिन चालते का हे बघायला रिकाम्या दुनाळीचा चाप ओढू नका, पिन तुटू शकते. त्यासाठी डमी काडतूस वापरा.

चाप ओढूनही काडतूस उडालं नाही, तर बंदूक लगेच उघडू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबावं, कारण बार उशिराही उडू शकतो.

पुरात भिजली तर

ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुरात सुरतचा बहुतांश भाग पाण्याखाली होता. अशा पाण्यात गाळ असतो. भिजलेली बंदूक वरवर पुसून वापरात घेऊ नये. पिनच्या वाटेत गाळ बसलेला असतो, म्हणून ती दुरुस्तीवाल्याकडून खोलून घ्यावी. भिजलेली काडतुसं वेगळी ठेवून विक्रेत्याचा किंवा पोलिसांचा सल्ला घ्यावा.

कायदा काय सांगतो

आपली परवान्याची बंदूक पुसणं, साफ करणं मालकाचं काम आहे. पण पिन घासणं, बदलणं ही दुरुस्ती झाली, आणि शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीच्या धंद्याला स्वतंत्र परवाना लागतो. म्हणून गल्लीतल्या लेथवाल्याकडून पिन बनवून घेऊ नये.

सीमेवरच्या लोकांनी आणखी एक गोष्ट बघावी. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे, पण शस्त्राचा परवाना असा दोन्हीकडे आपोआप चालत नाही. तो कोणत्या क्षेत्रासाठी आहे हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. नंदुरबार-धुळ्याकडचा परवाना घेऊन सुरतेत गनमनची नोकरी धरण्याआधी ते वाचून घ्यावं.

निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करावी लागली, तर देण्याआधी पुसून पातळ तेलाचा हात फिरवावा. परत मिळाल्यावर मात्र आधी ते तेल काढून पिनची जागा कोरडी करावी आणि मगच ती ड्युटीवर न्यावी.