माशीच्या पेशीत आरएनएची ‘रिंग’ कशी तयार होते?

जत तालुक्यात डाळिंबाची बाग असलेल्यांना हे सांगायला नको. तडकलेलं फळ दोन दिवस तसंच पडून राहिलं की त्याभोवती बारीक चिलटं घिरट्या घालू लागतात. लाल डोळ्यांच्या अशाच चिलटांची एक जात, ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर, शंभरहून अधिक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत पाळली जाते. (आंबा-पेरूला डंख मारणारी मोठी फळमाशी वेगळी, तिचं कुळच निराळं.) वर्तुळाकार आरएनए कसा बनतो, हे समजण्यात या चिलटाचा मोठा वाटा आहे.

आधी नेहमीची पद्धत बघू. डीएनएमधल्या जनुकाची एक आरएनए प्रत निघते. ही प्रत म्हणजे कच्चं शूटिंग समजा. त्यात ठेवायचे तुकडे असतात, ते एक्झॉन. आणि मधले काढून टाकायचे तुकडे असतात, ते इन्ट्रॉन. पेशी इन्ट्रॉन कापते आणि एक्झॉन ओळीनं जोडते. या एडिटिंगला स्प्लायसिंग म्हणतात. तयार झालेली सरळ पट्टी म्हणजे मेसेंजर आरएनए. तिच्यावरून प्रथिन बनतं.

कधी कधी मात्र एक्झॉनचं शेवटचं टोक पुढे न जाता मागे वळतं आणि त्याच एक्झॉनच्या, किंवा आधीच्या एखाद्या एक्झॉनच्या, सुरुवातीला जोडलं जातं. रील संपताच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते ना, तसंच. हे बॅकस्प्लायसिंग.

पण टोकं एकमेकांजवळ येतात कशी?

एक मार्ग असा: एक्झॉनच्या दोन्ही बाजूंच्या इन्ट्रॉनमध्ये एकमेकांना चिकटणारे क्रम असतात. ते जुळले की मधला भाग आपोआप वाकतो. माशीच्या लॅकेस-२ या जनुकात असं घडतं.

दुसरा मार्ग जास्त मजेशीर आहे. २०१४ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील सबास्टियन काडेनर यांच्या गटानं तो मसलब्लाइंड या जनुकात दाखवला. माशीचे डोळे आणि स्नायू नीट घडायला हे जनुक लागतं. त्याचं प्रथिन पेशीत जास्त झालं की ते स्वतःच्याच जनुकाच्या कच्च्या प्रतीवर जाऊन बसतं, दुसऱ्या एक्झॉनच्या दोन्ही बाजूंच्या इन्ट्रॉनवर. मग त्या एक्झॉनची रिंग बनते. एका प्रतीतून एकतर रिंग मिळणार किंवा सरळ पट्टी, दोन्ही नाही. रिंगा वाढल्या की पट्ट्या घटतात आणि प्रथिनही घटतं. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पाणी थांबतं, तसा हा हिशेब. शिवाय तयार झालेली रिंग ते प्रथिन स्वतःला चिकटवूनही ठेवू शकते.

माणसातही या जनुकाचे नातेवाईक आहेत. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजारात त्यांची प्रथिनं सदोष आरएनएमध्ये अडकून पडतात.

अशा रिंगा इतकी वर्षं दिसल्या कशा नाहीत? खरं तर १९७६ मध्येच वनस्पतींना रोग लावणाऱ्या व्हायरॉइडचा आरएनए बंद वर्तुळासारखा असल्याचं समजलं होतं. द्राक्षवेलींतही व्हायरॉइड सापडतात. प्राण्यांच्या पेशीत मात्र अशी वर्तुळं दिसली तेव्हा ती स्प्लायसिंगची चूक मानली गेली. त्यातच आरएनए शोधायची प्रचलित पद्धत रेणूची ‘शेपूट’ पकडायची, आणि रिंगेला शेपूटच नसते.

टोक नसल्याचा एक फायदाही आहे. आरएनए टोकाकडून कुरतडणारी विकरं इथे निकामी ठरतात, त्यामुळे रिंग दीर्घकाळ टिकते. २०१४ मध्येच दुसऱ्या एका गटानं माशीतल्या सुमारे २५०० रिंगांची नोंद केली. त्यात वय वाढतं तशा त्या चेतासंस्थेत साठत जातात, असं आढळलं. ‘म्हातारपणाचा रेणू सापडला’ असं थंबनेल यावरून सहज बनेल, पण साठणं म्हणजे कारण असणं नव्हे.

उलट उदाहरणही आहे. इन्सुलिनचे संदेश कमी केलेल्या माश्या जास्त जगतात, आणि त्यांच्यात सल्फेटलेस जनुकाची रिंग वाढलेली असते. २०२० च्या अभ्यासात फक्त ही रिंग वाढवली, तरी माश्यांचं आयुष्य लांबलं. आणि या रिंगेवरून प्रथिनही बनतं, ज्याचा सुरुवातीचा भाग मूळ प्रथिनासारखाच असतो.